कापायला तासभर, बाकी सगळी हलवाहलव

मागच्या अंकात आमच्या पुण्यातल्या नऱ्हेमधल्या वर्कशॉपचा फोटो छापून आला आणि त्याखाली संपादकांनी "फर्निचरच्या कामाबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा" असं टाकलं, तेव्हापासून मेल आणि व्हॉट्सॅपवर नुसते प्रश्नच प्रश्न. बरेचसे "माझ्या बेडचा भाव सांगा" टाइपचे आहेत, त्यांना इथे उत्तर देत नाहीये, सॉरी, माप न घेता भाव सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासूनही जरा लांबच राहा. बाकीच्यातले काही निवडलेत. ज्यांनी तो फोटो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पत्र्याची शेड आहे, एक मिस्त्री, दोन कारागीर, एक हेल्पर पोरगा, पॉलिशवाले कामापुरते येतात, आणि मी. डिझाइन, हिशोब, गिऱ्हाइकांचे फोन आणि अडलं तर सँडिंगसुद्धा, हे सगळं माझ्याकडे.

प्रश्न : ताई, मी आयटीत आहे. लॉकडाऊनमध्ये युट्यूब बघून बाल्कनीत दोन स्टुलं आणि एक शूरॅक केला, सगळ्यांनी कौतुक केलं. आता नोकरी सोडून छोटं वर्कशॉप टाकावं असं डोक्यात घोळतंय. दिवसभर तिथे नेमकं काय चालतं ते खरं खरं सांगाल का? — एक वाचक, वाकड

खरं खरं सांगते, लाकडाचा वास, रंध्याचे कुरळे छिलके आणि शांत संगीत हे सगळं व्हिडिओत असतं. आमच्याकडे रेडिओ असतो आणि तो मशीन चालू झालं की ऐकू येत नाही.

साडेनऊला शटर वर जातं. पहिलं काम झाडू, कारण काल संध्याकाळी कितीही साफ केलं तरी रात्रीतून बारीक धूळ खाली बसलेलीच असते. चहा होईपर्यंत मिस्त्री कटिंग लिस्ट बघतात आणि तिथेच दिवसातला पहिला वाद होतो, कारण मी ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये काढते आणि मिस्त्री सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या किंचित वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ड्रॉवर ज्याच्यावर आतबाहेर सरकतो तो टेलिस्कोपिक चॅनेल प्रत्येक बाजूला अर्धा इंच खातो, म्हणजे ड्रॉवरचा खोका आतल्या मोकळ्या जागेपेक्षा बरोबर एक इंच कमी पाहिजे. एक सूत जास्त झालं की चॅनेल जाम, आणि एक सूत कमी झालं की ड्रॉवर खुळखुळतो, मग मागे पत्ती टाकत बसा. म्हणून आम्ही आता ड्रॉवरची मापं कागदावरून घेतच नाही. आधी कपाटाचा सांगाडा उभा करायचा, आतलं अंतर पुढे, मध्ये आणि मागे असं तीन ठिकाणी मोजायचं, आणि मगच ड्रॉवरचे तुकडे कापायचे. व्हिडिओवाले सगळं एकदम कापून ठेवतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

प्रत्यक्ष कापाकापी दिवसातून जेमतेम तास-सव्वा तास चालते. बाकी वेळ हलवाहलवीत जातो. टेम्पो आला की प्लाय उतरवा, ते आत न्या, जे आत होतं ते बाजूला करा, कापलेले तुकडे एकावर एक रचा, ग्लू लावून क्लॅम्प मारून ठेवलेला टॉप कुणाच्या तरी वाटेत येतो म्हणून तो उचलून दुसरीकडे ठेवा. मध्येच हार्डवेअरच्या दुकानात पळा, कारण बिजागऱ्या सॉफ्ट-क्लोज सांगितल्या होत्या आणि आल्यात साध्या. मध्येच फोन, "मॅडम, तो वॉलनट शेड फोटोत वेगळा दिसत होता." गुरुवारी आमच्याकडे मेंटेनन्ससाठी लाइट जाऊ शकते, त्यामुळे त्या दिवशी हाताची कामं, म्हणजे सँडिंग, फिटिंग, पटाश्यांना धार लावणं, नाहीतर साइटवर जाऊन मापं घेणं. ज्यांना हे माहीत नसतं ते गुरुवारी डिलिव्हरी कबूल करून बसतात.

तुम्ही नोकरी लगेच सोडू नका असं माझं मत. कुठल्याही वर्कशॉपमध्ये शनिवारी जाऊन फुकट उभे राहा, ग्लू पुसा, शीट धरा. चार-पाच शनिवारांनंतरही जावंसं वाटलं तर मग गाळा शोधा. आणि स्टुलाचं कौतुक नातेवाईक करतात, पण पैसे देणारा माणूस सगळ्यात आधी खाली वाकून स्टूल डुगडुगतं का ते बघतो.

प्रश्न : अंबडच्या बाजूला ६०० स्क्वेअर फुटांचा गाळा भाड्याने मिळतोय. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघंच. मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब करायचा विचार आहे. जागा पुरेल का, आणि मशीन कोणती आधी घ्यावी? — एक वाचक, नाशिक

पुरेल, पण ६०० फूट म्हणजे २० बाय ३० की १५ बाय ४० ते तुम्ही लिहिलं नाही आणि सगळा खेळ त्यातच आहे. प्लायचं शीट ८ बाय ४ फुटांचं. टेबल सॉवर, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर, ते उभं फाडायचं तर ब्लेडच्या अलीकडे आठ फूट मोकळे लागतात, पलीकडे आठ फूट, आणि ढकलणाऱ्या माणसाला उभं राहायला दोन-तीन फूट, म्हणजे १८-१९ फुटांची सलग पट्टी, जिच्यात खांब नको, जिना नको, मालकाचं जुनं कपाट नको. आधी ही पट्टी खडूने जमिनीवर आखा, ब्लेडची जागा ठरवा, आणि उरलेल्यात बाकीचं बसवा. बरेच जण उलटं करतात, आधी भिंतीला रॅक, ऑफिसची केबिन, देवघर, आणि शेवटी मशीन जिथे जागा उरेल तिथे, मग प्रत्येक शीट दाराबाहेर काढून रस्त्यावर कापतात.

असेंब्लीचं टेबल सॉच्या पुढेच ठेवा, उंची सॉच्या टेबलाइतकी, किंवा दोन मिलिमीटर खाली, वर नको, नाहीतर शीटची कड अडकते. म्हणजे कापताना तेच टेबल शीटला आधार देतं आणि कापून झालं की त्याच्यावरच खोके जुळवता येतात, एका जागेत दोन कामं. खाली ब्रेकवाली चाकं लावा. शीट्स दाराजवळच उभी ठेवा, आडवं टाकलेलं एक शीट ३२ फूट जागा खातं, पण उभी म्हणजे भिंतीला तिरकी टेकवून महिनाभर नाही हं, त्याने पोट येतं, दोन खुंट्यांमध्ये अगदी ताठ उभी राहिली पाहिजेत. पॉलिशसाठी एक कोपरा जाड प्लास्टिकच्या पडद्याने बंद करा, १० बाय १० तरी, आणि तिथे एक्झॉस्ट लावा. दोघंच आहात आणि सगळं लॅमिनेटचं काम असेल तर पहिलं वर्षभर पॉलिश बाहेरून करून घेतलंत तरी चालेल.

अॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी तीन गोष्टी बघा. थ्री फेज कनेक्शन आहे का, नसेल तर कुणाच्या नावाने आणि कुणाच्या खर्चाने येणार. शटरची उंची, कारण सात फुटांचं वॉर्डरोब उभं बाहेर काढायचंय आणि टेम्पो दारापर्यंत आला पाहिजे (गिऱ्हाइकाच्या बिल्डिंगची लिफ्टसुद्धा मोजून घेत जा, हे पुढचं झालं). आणि पावसाळ्यात आत पाणी येतं का, ते मालकाला न विचारता शेजारच्या गाळ्यातल्या माणसाला विचारा.

मशीनचं म्हणाल तर किचन-वॉर्डरोबसाठी चांगला टेबल सॉ, आणि त्याच्या बरोबरच डस्ट कलेक्टर, नंतर नाही. एज बँडिंग, म्हणजे प्लायच्या उघड्या कडांना पट्टी चिकटवणं, सुरुवातीला बाहेरून मीटरवर करून मिळतं. सॉलिड लाकडाचं काम घेणार नसाल तर रंधा मशीनची घाई नको. आणि कुणी "स्वस्तात ओंडके मिळतायत, एक छोटी आरा मशीनपण टाका" म्हणालं तर थांबा, गोल लाकूड चिरायचं म्हणजे सॉ मिल झाली आणि त्याला वनखात्याचं लायसन लागतं. चिरलेलं लाकूड आणि प्लाय विकत घेऊन फर्निचर करणं ही वेगळी गोष्ट.

प्रश्न : सुतार लोक तारीख का पाळत नाहीत? आमच्या वॉर्डरोबला "पंधरा दिवस" सांगून दीड महिना लावला. तुम्ही त्या लाइनमधल्या आहात म्हणून विचारते, रागावू नका. — एक वाचक, ठाणे

रागावते कशाला, रास्त प्रश्न आहे. काही जण सरळ खोटं बोलतात, अॅडव्हान्स घ्यायचा आणि तुमचं काम तिसऱ्या नंबरवर टाकायचं, त्यांची वकिली मी करणार नाही. पण प्रामाणिक वर्कशॉपही लेट होतं आणि त्याची कारणं गिऱ्हाइकाला दिसत नाहीत.

उदाहरणार्थ गणपती गेले की काय होतं बघा. पितृपक्ष लागतो. त्या पंधरा दिवसांत घरात नवीन वस्तू नको म्हणून लोक डिलिव्हरी घेत नाहीत, फोन करून प्रेमाने सांगतात, "ताई, तयार झालं तरी तुमच्याकडेच राहू द्या, घटस्थापनेनंतर पाठवा." आता ते तयार डायनिंग टेबल, तो बेड, ती दोन कपाटं, सगळं आमच्या शेडमध्ये, बबल रॅपमध्ये गुंडाळून, नेमकं असेंब्लीच्या जागेवर. त्याच्यावर काही ठेवता येत नाही, धूळ बसू नये म्हणून जवळ सँडिंग करता येत नाही, आणि पुढच्या माणसाचं काम उघडायला जागाच नाही. पोरगा त्या टेबलाच्या खालून रांगत पलीकडे जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग घटस्थापना ते दसरा सगळ्यांना एकदम हवं असतं, टेम्पो मिळत नाही, टेम्पोवाला डबल भाडं सांगतो, आणि लगेच दिवाळी-छठला कारागीर गावी जायला निघतात. आमचे दोघं गोरखपूरकडचे, त्यांची तिकिटं दोन महिने आधी काढलेली असतात आणि ती मी कधीच पुढे ढकलायला सांगत नाही, वर्षातून दोनदा तर बिचारे घरी जातात.

दुसरं कारण म्हणजे पॉलिश. पावसाळी हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं की पांढरट पडतं, हवेतला ओलावा त्या थरात अडकतो. मग एकतर हवा कोरडी व्हायची वाट बघा, नाहीतर रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं थिनर, घालून मारा, मग लॅकर सावकाश सुकतं. पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिशला प्रत्येक कोटमध्ये सुकायला आणि घासायला वेळ द्यायचाच लागतो. "कालच तर झालं म्हणालात, मग आज का नाही पाठवत", कारण वरून सुकलेलं आतून कच्चं असतं आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळलं की ब्लँकेटची नक्षी टेबलावर उमटते.

पुढच्या वेळी "किती दिवसांत" एवढंच विचारू नका. "माझं कटिंग कोणत्या तारखेला सुरू होणार?" असं विचारा. जो सुतार ही तारीख सांगू शकतो त्याच्याकडे निदान वही तरी आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सागवानी चेस्ट ऑफ ड्रॉवर्स करून घेतला. दर पावसाळ्यात वरचे दोन ड्रॉवर अडकतात, ओढता ओढत नाहीत. सुताराला बोलावलं तर म्हणतो घासून देतो. घासू द्यावं का? — एक वाचक, रत्नागिरी

आत्ता नको, अजिबात नको. लाकूड ओलावा घेतं आणि फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच पण रुंदीत फुगतं, म्हणजे रेषांना आडवं. साग त्यातल्या त्यात गुणी, बाकीच्या बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतो, तरी तीन फूट रुंदीचा सागाचा टॉप कोरड्या उन्हाळ्यातून भर पावसाळ्यात जाताना दीड-दोन सूत सहज वाढू शकतो. तुमच्या ड्रॉवरचा दर्शनी भाग सात-आठ इंच उंच असेल तर तोही थोडा वाढणारच, आणि रत्नागिरीची हवा काय सांगावी. जुलैत घासलंत तर जानेवारीत फट दिसेल.

आत्ता एवढंच करा, ड्रॉवर जिथे घासतो तिथे चकचकीत डाग पडलेला असतो, तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा आणि साधी मेणबत्ती चोळा. तेल लावू नका, धूळ धरतं आणि कपड्यांना डाग पडतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ड्रॉवर सुटतो का बघा. तेव्हाही अडकत असेल तर त्या खुणेवर एक-दोन हात रंधा मारायला सांगा, जास्त नाही. आणि मग मुख्य काम, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून आतल्या बाजूला, खालच्या कडेला, मागे, सगळीकडे पॉलिशचा किंवा सीलरचा हात द्या. बहुतेक ठिकाणी फक्त दिसणारी बाजू पॉलिश करतात आणि आतलं लाकूड उघडं राहतं, मग एका बाजूने ओलावा आत जातो, दुसऱ्या बाजूने नाही, आणि फळी वाकते.

करून घेणाऱ्यांनी आधीच विचारून ठेवायची गोष्ट म्हणजे सुताराकडे मॉइश्चर मीटर आहे का. हातात मावेल एवढं यंत्र असतं, दोन पिना लाकडात टोचायच्या आणि आकडा वाचायचा. पुण्यात घरात वापरायच्या फर्निचरला आम्ही १० ते १२ टक्क्यांच्या वरचं लाकूड मशीनवर चढवत नाही, वखारीतून आलेलं जास्त असेल तर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवतो आणि वाट बघतो. आणि टेबलाचा टॉप खालच्या फ्रेमला सरळ स्क्रूने आवळायचा नाही, भोकं लांबट ठेवायची म्हणजे टॉपला सरकायला जागा मिळते. सरळ आवळला तर तो मधोमध फाटतो, आणि त्याचा आवाज रात्री असा येतो की घरातले उठून बसतात.

प्रश्न : ऑनलाइन सहा जणांचा डायनिंग टेबल तुमच्यासारख्या वर्कशॉपच्या निम्म्या किमतीत मिळतो, तोही "सॉलिड वूड" लिहिलेला. मग एवढा फरक कसला? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

गणित मांडून दाखवते. लाकूड घनफुटावर मिळतं. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. ६ बाय ३ फुटांचा टॉप, तयार एक इंच हवा म्हणजे कच्चा सव्वा इंच धरायचा, ६ गुणिले ३६ गुणिले १.२५ भागिले १४४, झाले १.८७५ घनफूट. चार पाय तीन इंची चौरस, अडीच फुटांचे, ०.६२५. वरची फ्रेम चार इंच रुंद आणि सव्वा इंच जाड, पाच फुटांच्या दोन आणि सव्वादोन फुटांच्या दोन, मिळून साधारण अर्धा. एकूण तीन घनफूट. पण वखारीत कुणी तुमच्या मापाची फळी ठेवत नाही, गाठी, भेगा, कडेचं पांढरं कच्चं लाकूड, वाकलेलं टोक, हे सगळं काढल्यावर तीन घनफुटांच्या टेबलाला चार घनफूट आणावं लागतं, कधी जास्तच. तो उरलेला एक घनफूट भुसा आणि ढलपे होतो आणि त्याचेही पैसे सागाच्याच भावाने दिलेले असतात.

त्या पांढऱ्या लाकडाचं जरा जास्त सांगते, कारण स्वस्त टेबलात बऱ्याचदा तिथेच वाचवलेलं असतं. झाडाचा बाहेरचा भाग कच्चा असतो, भुंग्याला तोच आवडतो. त्याच्यावर गडद स्टेन मारला की नवीन असताना गाभ्याचं लाकूड आणि ते वेगळं ओळखू येत नाही. वर्षाभराने पायाशी पिठासारखी पावडर पडायला लागते तेव्हा कळतं. घेताना टेबल उलटं करून बघा, खालून कुणी स्टेन नीट मारत नाही.

सागाबद्दलही विचारणा असते म्हणून इथेच उरकते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलात तर सीपी साग म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा आणि मध्य प्रदेशचा, त्यात बल्लारशाचं नाव सगळ्यात मोठं, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड तिथूनच गेलं. त्याच्या शेजारी आफ्रिकेतून, दक्षिण अमेरिकेतून आलेला लागवडीचा साग असतो, तो बराच स्वस्त. तो वाईट नसतो, पण कोवळ्या झाडाचा असला तर रेषा मोकळ्या आणि पांढरा भाग जास्त. रोजच्या वापराच्या बेडला मी तो बिनधास्त वापरते आणि बिलावर तसं लिहिते. आयात साग घेऊन बल्लारशाचे पैसे लावणारे आहेत, तेव्हा बिलावर लाकडाचं नाव मागाच. प्लाय असेल तर शीटवरचा आयएस म्हणजे भारतीय मानकाचा शिक्का बघा, ओल्या जागेला आयएस ७१०, बाकीला आयएस ३०३, आणि त्याचा फोटो कापायच्या आधी काढून ठेवा, लॅमिनेट चिकटल्यावर काय बघणार.

आणि हो, ऑनलाइन टेबल हजारांच्या संख्येने एकाच मापाचं निघतं. तुम्हाला ५ फूट ७ इंचांचं हवं असतं कारण फ्रिज तिथे आहे. त्या सात इंचांचे पैसे लागतात.

प्रश्न : माझे मिस्टर सुतारकाम करतात, हल्ली जास्त करून एमडीएफचं (लाकडाचे बारीक तंतू गोंद घालून दाबलेला बोर्ड). घरी आल्यावर खोकत असतात, नाक कायम चोंदलेलं. मास्क लावा म्हटलं तर म्हणतात आमच्या वडिलांनी कधी लावला नाही. — एक वाचक, कोल्हापूर

ताई, आधी त्यांना डॉक्टरकडे न्या आणि "सुतारकाम करतो, एमडीएफ कापतो" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नुसता खोकला म्हणून सांगू नका. लाकडाची धूळ ही गंमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने १९९५ मध्येच तिला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, मुख्यतः नाकाच्या आणि नाकाजवळच्या पोकळ्यांच्या. सासऱ्यांचं म्हणाल तर त्यांनी हात-करवत आणि रंधा चालवला, त्यातून जाड भुसा आणि छिलके पडतात, ते पायाशी पडतात. मशीनवर एमडीएफ कापलं की पिठापेक्षा बारीक धूळ उडते, तासन्तास हवेत तरंगते, आणि त्यात फॉर्मल्डिहाइडवाला गोंद असतो. काम तेच राहिलं नाही तर सवय तीच कशी ठेवायची, असं त्यांना विचारा.

रुमाल बांधून उपयोग नाही. निदान एन-९५, नाकाशी घट्ट बसणारा, आणि दाढी असेल तर कडेने धूळ आत जातेच. शक्य असेल तर फिल्टर बदलता येणारा रबरी मास्क घ्या, एकदाच खर्च. सँडर आणि सर्क्युलर सॉला व्हॅक्यूमचा पाइप लावा. आणि एक गोष्ट बंद करायला लावा, संध्याकाळी कंप्रेसरच्या हवेने कपडे आणि टेबल झटकणं, सगळ्या वर्कशॉपमध्ये करतात, त्याने दिवसभर खाली बसलेली धूळ शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यांच्या नाकात जाते. कामाचे कपडे तिथेच बदलून घरी यावं, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

विषय निघालाच आहे तर जवस तेलाचं पण सांगून ठेवते. पॉलिशला जवस तेल वापरत असतील तर तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप तापतात आणि पेटतात, काडी लागत नाही. पाण्याच्या डब्यात टाका नाहीतर बाहेर दोरीवर पसरून वाळवा. आमच्याकडे दारापाशी झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, पाण्याने भरलेला, आणि पॉलिशवाल्यांनी बोळे त्यात टाकल्याशिवाय मी त्यांना चहा देत नाही.

प्रश्न : मी आयटीआयला सुतारकामाला अॅडमिशन घेतलं आहे, वर्गात एकटीच मुलगी. घरचे म्हणतात कोण काम देणार. पुढे काही स्कीम वगैरे आहे का? — एक वाचक, अमरावती

काम मी देईन, कोर्स संपला की मेल कर. सुरुवातीला साइटवर लोक तुझ्याशी न बोलता तुझ्याबरोबरच्या हेल्परशी बोलतात, माझ्याशी अजूनही कधीकधी असंच वागतात, माप तू सांगायचं आणि मान त्याने डोलवायची. टेप आपल्या हातात ठेव, जो मोजतो त्याच्याशीच शेवटी बोलावं लागतं.

ओढणी, मोकळे केस, बांगड्या, अंगठी, हे मशीनजवळ काही नको. कापडी हातमोजेसुद्धा फिरत्या ब्लेडजवळ नकोत, लोकांना ते सेफ्टी वाटतं पण दोरा अडकला की हात आत ओढला जातो. छोटा तुकडा ढकलायला पुश स्टिक, बोटं नाही. ताकद कमी पडते म्हणून कुणी चिडवलं तर लक्ष देऊ नको, शीट एकट्याने उचलणारे पन्नाशीत कमरेला पट्टा लावून फिरतात.

स्कीमचं म्हणशील तर पीएम विश्वकर्मा आहे, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसाय आहेत त्यात सुतार आहे. ट्रेनिंगचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. वय १८ पूर्ण हवं, स्वतःच्या हाताने काम करणारं हवं, आणि कुटुंबातल्या एकालाच मिळते, त्यामुळे घरात आधी कुणी घेतली नाही ना ते बघ. नोंदणी सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते.

त्या १५ हजारांत रंगीबेरंगी ड्रिल किट आणू नकोस. दोन-तीन चांगल्या पटाश्या, एक जॅक प्लेन (हातरंधा), धारेचे दगड, खरा ९० अंशाचा गुण्या, आणि उरलेल्यात जेवढे येतील तेवढे क्लॅम्प. गुण्या दुकानातच तपास, फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मार, उलटा करून त्याच जागी परत मार, दोन रेघा एकावर एक आल्या तरच घे.

प्रश्न : तुमच्याकडे निघणारा भुसा गावाकडे चुलीला, गोठ्यात अंथरायला मिळेल का? — एक वाचक, भोर

सॉलिड लाकडाचा वेगळा भरून ठेवते, कधीही येऊन पोती न्या, पैसे नकोत, पोती मात्र तुमची आणा. प्लाय आणि एमडीएफचा देणार नाही, मागू नका, त्यात गोंद असतो, तो चुलीत नको आणि जनावरांखालीपण नको. गुरुवारी येऊ नका, लाइट नसली की आम्ही बऱ्याचदा साइटवर असतो, शेडमध्ये नसतो.